पुठ्ठ्यातून घडते वीर अब्दुल हमीद यांची जीप

मुलगा पुठ्ठा, कात्री आणि फेविकॉल घेऊन बसला की घरातून पहिला आवाज येतो, "अभ्यास झाला का?" लगेच दुसरा प्रश्न येतो, "हा कचरा कोण उचलणार?" आणि तो जे बनवतोय ते घर किंवा मशीद नसून रणगाडा किंवा लष्करी गाडी आहे असे कळले, की तिसरा प्रश्न ठरलेला, "तुला दुसरं काही सुचलं नाही का?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे द्यायला हवीत. पण आधी हा छंद नेमका काय आहे, ते पाहू.

खेळणे वेगळे, प्रतिकृती वेगळी

बाजारात मिळणारा प्लास्टिकचा रणगाडा हे खेळणे असते. त्याची चाके हवी तेवढी मोठी, तोफ हवी तेवढी लांब. प्रतिकृतीत तसे चालत नाही. मूळ गाडीचे प्रत्येक माप एकाच आकड्याने भागायचे आणि येईल तेवढेच ठेवायचे, हा तिचा नियम. १:३५ म्हणजे मूळ गाडीची ३५ सेंटिमीटर लांबी प्रतिकृतीत एक सेंटिमीटर. हा नियम चाकाला, दाराला, दिव्याला आणि मागे लटकवलेल्या डब्यालाही लागू. सातवीच्या पुस्तकातला गुणोत्तर-प्रमाणाचा धडा मुलांना का येत नाही, असे आपण म्हणतो. जीप बनवणाऱ्या मुलाला तो धडा चार दिवसांत येतो, कारण चुकला तर चाक मडगार्डाखाली बसतच नाही.

जगभर हा छंद मोठ्या माणसांचाही आहे. जपानमधील शिझुओका शहरातली टामिया ही कंपनी त्यात अग्रेसर मानली जाते. पूर्वी ती लाकडी प्रतिकृती बनवत असे. १९६०च्या सुमारास तिने प्लास्टिकचा पहिला रणगाडा काढला, तेव्हा आत मोटर आणि बॅटरीचे सेल मावले पाहिजेत एवढ्यावरून आकार ठरवला. मोजून पाहिले तर तो मूळच्या साधारण पस्तिसाव्या भागाएवढा भरला. तेव्हापासून लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींसाठी १:३५ हे प्रमाण जगात रूढ झाले.

शाळेतल्या मुलांचे हातही या कामात मागे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने देशभरातल्या शाळकरी मुलांना १:७२ प्रमाणात पाच लाख विमाने बनवून द्यायला सांगितले. सैनिकांना आपले आणि शत्रूचे विमान दुरूनच ओळखता यावे म्हणून ती प्रशिक्षणात वापरायची होती. विमाने अचूक असणे गरजेचे होते. पंखाचा आकार चुकला तर ओळख चुकणार.

त्याहून कितीतरी मागे जायचे तर अल-जझरी यांचे नाव घ्यावे लागेल. दियारबकरच्या दरबारातल्या या मुस्लिम अभियंत्याने १२०६ साली आपला यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. पाण्यावर चालणारी घड्याळे, पाणी उपसणारी यंत्रे यांची मापे आणि जोडणी त्यात इतकी तपशीलवार आहेत की आजही कारागीर त्यावरून ती यंत्रे उभी करतात. यंत्राचा आराखडा पक्का करण्यासाठी आधी कागदाची प्रतिकृती करून पाहण्याची पद्धतही त्यांच्याकडे होती. म्हणजे कागद कापत बसलेला मुलगा फार जुन्या वाटेवर आहे.

पहिली गाडी कोणती?

प्लास्टिकचे तयार संच परदेशातून येतात. त्यांची किंमत हजाराच्या पुढेच असते आणि रंग-ब्रशचा खर्च निराळा. आपल्यासारख्या घरांत सुरुवात पुठ्ठ्यानेच करावी. आणि पहिली गाडी म्हणून मी मुलांना एकच नाव सुचवते: कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार अब्दुल हमीद यांची जीप.

अब्दुल हमीद यांचा जन्म १ जुलै १९३३ रोजी उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातल्या धामुपूर गावी झाला. वडील मुहम्मद उस्मान शिंपी होते. हमीद यांनीही त्या कामात हात घातला होता. १९५४च्या डिसेंबरात ते सैन्यात भरती झाले आणि ग्रेनेडियर्स रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमध्ये गेले. सप्टेंबर १९६५ मध्ये ही बटालियन पंजाबात खेमकरण भागात होती. अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे घेऊन पाकिस्तानी फौज तिथे पुढे सरकली. पॅटनचे नाव तेव्हा असे गाजले होते की त्याला तोड नाही असेच लोक समजत.

१० सप्टेंबरला सकाळी चीमा गावाजवळ रणगाड्यांचा हल्ला आला. आधी तोफांचा जबर मारा झाला आणि नऊच्या सुमारास रणगाडे पुढच्या तुकड्यांच्या जागेत घुसले. अब्दुल हमीद आपली तोफ बसवलेली जीप घेऊन बाजूला सरकले. त्यांनी सर्वांत पुढचा रणगाडा उडवला, लगेच जागा बदलली आणि दुसरा टिपला. तोवर शत्रूच्या नजरेत ते आले होते. जीपवर मशीनगनचा आणि तोफगोळ्यांचा वर्षाव सुरू झाला, तरी त्यांनी मारा थांबवला नाही. त्यातच त्यांना वीरमरण आले. वय ३२. २६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी परमवीरचक्र त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांच्या हाती दिले.

भारतीय टपाल खात्याने २८ जानेवारी २००० रोजी त्यांच्यावर तीन रुपयांचे तिकीट काढले. त्यावर त्यांच्या चेहऱ्यासोबत तोफ बसवलेली जीपही आहे. तिकिटे जमवणारे कोणी ओळखीचे असेल तर ते तिकीट मुलांना जरूर दाखवावे. जीपचे पहिले चित्र तिथूनच मिळते.

जीपवर एवढी मोठी तोफ कशी?

मुलांचा हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. साधी तोफ गोळा पुढे फेकते तेव्हा तिला मागे जोराचा धक्का बसतो. न्यूटनचा तिसरा नियम. एवढ्या तोंडाची साधी तोफ जीपवर ठेवून डागली तर जीपचे काय होईल, ते सांगायला नको. अब्दुल हमीद यांची तोफ मात्र 'रिकॉइललेस', म्हणजे धक्का न देणारी होती. तिला १०६ मिलिमीटरची म्हणतात. तिच्या काडतुसाच्या नळकांड्याला चाळणीसारखी भोके असतात. दारू पेटली की वायूचा एक भाग गोळ्याला पुढे ढकलतो आणि दुसरा भाग भोकांतून बाहेर पडून तोफेच्या मागच्या तोंडातून निघून जातो. पुढचा आणि मागचा जोर एकमेकांना तोलतात, म्हणून तोफ जागीच राहते. सुमारे २१० किलो वजनाची ही तोफ जीपला पेलवते ती यामुळे.

पण त्याची किंमत आहे. मागे निघणाऱ्या वायूने धुळीचा मोठा लोट उठतो आणि गोळी कुठून आली ते शत्रूला लगेच कळते. म्हणून एक गोळा डागला की जागा सोडायची. अब्दुल हमीद यांनी जागा बदलली, असे वाचताना ती ओळ डोळ्यांखालून सहज निघून जाते. ज्याने ती तोफ कागदात बांधली, त्याला त्या ओळीचा अर्थ कळतो. न बदलली तर काय होईल, हे माहीत असलेला माणूस ते करत होता. आणि शेवटी जागा बदलायलाही उसंत मिळाली नाही.

माप बाटलीच्या झाकणावरून

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पाण्याच्या बाटलीचे झाकण साधारण तीन सेंटिमीटर रुंद असते. जीपचे चाक टायरसह सुमारे ७२ सेंटिमीटरचे. ७२ भागिले ३ बरोबर २४. म्हणून आपली जीप १:२४ प्रमाणात. टामियाने सेलवरून प्रमाण ठरवले, आपण झाकणावरून. बाकी मापे अशी येतात:

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर: मूळ २०३ सेंमी, प्रतिकृतीत साडेआठ सेंमी.
जीपची लांबी: मूळ सुमारे ३३० सेंमी, प्रतिकृतीत पावणेचौदा सेंमी.
तोफेची लांबी: मूळ सुमारे ३४० सेंमी, प्रतिकृतीत चौदा सेंमीच्या किंचित वर.

शेवटच्या दोन ओळी मुलांना पुन्हा वाचायला सांगाव्यात. तोफ जीपपेक्षाही तसूभर लांब आहे. रुंदी, बॉनेटची उंची, मडगार्डाचा उतार ही मापे मात्र पुस्तकातून न देता मुलांनाच घेऊ द्यावीत. आपल्या भागात जुन्या महिंद्रा जीपा अजून दिसतात. मालकाची परवानगी घेऊन टेप लावावा. त्या जीपचा वंश तोच आहे. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी: ही कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले.

सामान घरातलेच. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा सांगाड्याला. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड, गुळगुळीत कागद पत्र्याला. हा कागद फार कामाचा, वळवला की सुरकुती पडत नाही. तोफेची नळी करायला साधा कागद रिफिलीवर फेविकॉल लावत घट्ट गुंडाळावा, पाच-सहा मिलिमीटर जाड होईपर्यंत. वाळला की लाकडासारखा कडक होतो. या तोफेच्या वर एक बारीक नळी असते, ती विसरू नये. आधी तिच्यातून उजेडाची रेघ सोडणारी गोळी मारायची, ती निशाण्यावर लागली की मग मोठा गोळा सोडायचा, अशी नेम धरण्याची ती युक्ती होती. उदबत्तीची उरलेली काडी त्या जागी नेमकी बसते.

तुकडे कापण्याआधी प्रत्येकाचा कागदी नमुना करून जुळवून पाहावा. ज्या घरात शिलाई मशीन आहे तिथे हा भाग अब्बूंपेक्षा अम्मीच चांगला शिकवेल. कुठे दाब सोडायचा, कुठे घडी घालायची, उजवी आणि डावी बाजू उलट-सुलट कशी कापायची, हे शिंपीकामातलेच हिशेब आहेत. अब्दुल हमीद यांच्या घरातही तेच काम चालत होते. आणि हे मुलांसोबत मुलींनाही द्यावे. आमच्या वर्गात सर्वांत सरळ कापणारे हात मुलींचे आहेत.

बारीकसारीक तपशील

जीप उभी राहिली म्हणजे निम्मे काम झाले. पुढचे निम्मे काम तपशिलाचे, आणि या छंदाची गोडी त्यातच आहे.

पुढच्या काचेची चौकट मधोमध दुभंगलेली असते, कारण तोफेची नळी तिथून पुढे येते. गाडीच्या बाजूला फावडे आणि कुऱ्हाड बांधलेली असते. मागे जादा चाक आणि इंधनाचा चपटा डबा. हे सगळे पुठ्ठा आणि काड्यांतून होते. आरशाला आणि दिव्याच्या काचेला गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा चंदेरी कागद. टायरच्या नक्षीसाठी झाकणाभोवती कागदाची पट्टी, तिच्यावर आडवे बारीक तुकडे.

रंगवण्याआधी पातळ फेविकॉलचा एक हात सगळीकडे द्यावा, म्हणजे कागद रंग पिणार नाही. लष्करी हिरवा रंग बाटलीत मिळतो तसा हिरवा नसतो. हिरव्यात थोडा तपकिरी आणि चिमूटभर काळा मिसळला की तो मिळतो. रंग वाळला की पाण्यात तपकिरी-काळा अगदी पातळ कालवून सांध्यांवरून सोडावा. तो फटींत उतरतो आणि सपाट कागद पत्र्यासारखा दिसू लागतो. मग ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करावा आणि फिकट रंगाने फक्त कडांवरून अलगद फिरवावा. वापरलेल्या गाडीच्या कडाच आधी झिजतात.

शेवटी माती. इथे आपली मुले हमखास अंगणातली काळी माती चाकांना लावतात. खेमकरणची जमीन गाळाची, फिकट तपकिरी आहे. शिवाय त्या लढाईत आपल्या सैन्याने पाणी सोडून शेते चिखलमय केली होती आणि जवान उभ्या उसात दबा धरून होते. पॅटन त्या चिखलात रुतले. म्हणून जीपच्या चाकांवर धुळीबरोबर वाळलेला चिखल हवा, आणि बाजूला ऊस. लातूर जिल्ह्यातल्या मुलांना ऊस कसा दिसतो, ते शिकवायला नको. फक्त जीपच्या मागे भिंत किंवा झाड अगदी खेटून दाखवू नये. तोफेच्या मागच्या तोंडातून काय बाहेर पडते, ते आपण वर वाचलेच आहे.

मग पॅटन शेजारी ठेवा

जीप झाली की त्याच १:२४ प्रमाणात पॅटन करायला घ्यावा. पूर्ण नको असेल तर नुसता खोक्याचा आकार चालेल. एम-४८ जातीचा पॅटन तोफेच्या नळीसह सुमारे ९.३ मीटर लांब, ३.६५ मीटर रुंद आणि ३.१ मीटर उंच. म्हणजे आपल्या टेबलावर जवळपास ३९ सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि १३ उंच. मूळचे वजन चाळीस टनांहून जास्त. तोफेसह जीप दीड टनाच्या आतली. पॅटनला सर्व बाजूंनी जाड पोलाद. जीपला छतसुद्धा नाही.

आमच्या शाळेत मुलांनी हे दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा वर्ग काही क्षण गप्प झाला होता. त्याआधी महिनाभर पाठातली हीच गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. एका मुलाने नंतर विचारले, "बाई, ते बसायचे कुठे? लपायला जागाच नाही." चित्रपटात आणि मोबाइलच्या खेळात रणगाडे बोटाच्या टिचकीने उडतात आणि खेळणारा कधी मरत नाही. प्रमाणात बनवलेली जीप तसे खोटे बोलत नाही. किती उघड्यावर, किती जवळून आणि किती कमी साधनांनिशी एक माणूस उभा राहिला, हे ती सेंटिमीटरमध्ये दाखवते.

आणि समोरच्या रणगाड्यातही माणसे होती. तीही कोणाची मुले होती, त्यातल्या कित्येकांच्या ओठांवर शेवटी तोच कलमा असेल. मुलांना हे सांगायला आपण कचरू नये. आपल्या सैनिकाच्या शौर्याला त्याने उणेपणा येत नाही. उलट युद्ध म्हणजे काय, ते कळते.

आजी-आजोबांच्या मनातली सल

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मराठवाड्यातल्या अनेक मुस्लिम घरांत रणगाडा, लष्करी गाडी हे शब्द नुसते शब्द नाहीत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, त्यात शर्मन आणि स्टुअर्ट रणगाडे होते. पहिली चकमक आपल्या शेजारच्या नळदुर्गला झाली. औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १७ सप्टेंबरला निजामाने हार पत्करली आणि तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून शाळांतून साजरा करतो. रझाकारांच्या जुलमातून सुटका झाली, हे खरे. त्यानंतरच्या दिवसांत असंख्य निरपराध मुस्लिम कुटुंबांवर जे गुदरले, तेही खरे. केंद्र सरकारनेच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठवले होते. त्यांच्या अहवालात सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे आहेत.

म्हणून एखाद्या घरात दादी किंवा नाना नातवाच्या हातातला पुठ्ठ्याचा रणगाडा पाहून गप्प झाले, तर त्यांना जुनाट म्हणू नये. त्यांनी स्वतः पाहिले नसेल, तर आपल्या आई-वडिलांकडून ऐकले असेल. मुलाला त्यांच्याजवळ बसवावे, त्यांना सांगावेसे वाटेल तेवढे सांगू द्यावे. त्याच १९४८ सालच्या ३ जुलैला काश्मीरच्या आघाडीवर ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांनी देशासाठी प्राण दिले होते, आणि हैदराबादच्या मोहिमेचे नेतृत्व करणारे जनरल जयंतनाथ चौधरी हेच १९६५ मध्ये, अब्दुल हमीद लढले तेव्हा, भारताचे सेनाप्रमुख होते. इतिहास असा एकात एक गुंतलेला असतो. त्यातला एकच धागा मुलांच्या हाती देणे बरोबर नाही.

आणखी एक. आपल्या मुलाने ही जीप कोणाला काही सिद्ध करून दाखवण्यासाठी बनवू नये. देशावरचे आपले प्रेम पुठ्ठ्याच्या दाखल्यावर अवलंबून नाही. त्याने ती बनवावी ती हात चालावेत, डोके चालावे आणि एका मोठ्या माणसाची ओळख व्हावी म्हणून.

दीनच्या दृष्टीने

काही पालक विचारतात, हे मूर्ती बनवण्यात तर येत नाही ना? गाडी, इमारत, झाड या निर्जीव वस्तू बनवण्यात अडचण नाही. चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी हाच सल्ला दिला होता, की करायचेच असेल तर झाडे आणि ज्यात प्राण नाही अशा गोष्टी कर. लहान मुलांच्या खेळण्यांबाबत तर आणखी सवलत दिसते. हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांमध्ये चिंध्यांचे पंख असलेला एक घोडा होता. प्रेषितांनी (स.) त्याबद्दल विचारले आणि त्यांचे उत्तर ऐकून ते मनमोकळे हसले, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. जीपमध्ये सैनिकांच्या आकृती बसवाव्यात का, याबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत. ज्यांना शंका वाटते त्यांनी रिकामी जीप ठेवावी. खरे तर रिकामी जीप जास्त बोलते.

दुसरी शंका, यातून मुलांना युद्धाची आवड लागेल का? नुसते हत्यार हातात दिले आणि गोष्ट सांगितली नाही, तर लागू शकते. प्रेषितांची (स.) शिकवण अशी आहे की शत्रूशी गाठ पडावी अशी इच्छा करू नका, अल्लाहकडे सलामती मागा, पण गाठ पडलीच तर पाय रोवून उभे राहा. ही जीप बनवताना मुलांना हे दोन्ही भाग सांगावेत. पहिला भाग आधी.

वेळ, खर्च आणि काळजी

अभ्यास आणि नमाज यांच्या वेळा आधी ठरवाव्यात, उरलेला वेळ जीपला. एका बैठकीत एकच भाग करायचा, असा नियम ठेवला तर घाई होत नाही. जीपला तीन-चार आठवडे लागतात आणि तेवढे लागू द्यावेत. पसारा एका परातीत किंवा ट्रेमध्ये ठेवला की उचलून ठेवायला सोपा जातो, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच. कटर मोठ्यांच्या हाती, लहानांना कात्री. फवाऱ्याचे रंग बंद खोलीत वापरू नयेत. झाकणे आणि काड्या घरातल्या रांगत्या बाळापासून दूर.

पुढे याचा उपयोग काय, असे विचारणारेही भेटतात. प्रत्येक मूल अभियंता होणार नाही. पण चित्र पाहून वस्तू ओळखणे, मापे काढणे, चुकलेला तुकडा रागावून न फेकता पुन्हा कापणे, या सवयी आयटीआयच्या ड्राफ्ट्समनला लागतात, शिंप्याला लागतात आणि शल्यचिकित्सकालाही लागतात.

मूळ वस्तू पाहायच्या असतील तर

सुट्टीत अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला जायचा योग आला तर तिथले रणगाडा संग्रहालय चुकवू नये. लष्कराच्या आर्मर्ड कोअरने १९९४ मध्ये ते सुरू केले. सुमारे पन्नास रणगाडे आणि चिलखती गाड्या तिथे उघड्यावर मांडलेल्या आहेत. आपले विजयंता आणि सेंच्युरियन आहेत, पॅटनही आहे. पॅटनच्या शेजारी उभे राहिल्यावर मुलांना टेबलावरच्या ३९ सेंटिमीटरचा खरा अर्थ कळेल. याच शहरात १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ ओतली. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ पासून विजापुरात आहे.

आणि अहिल्यानगरला जाणे जमले नाही, तर आपला औशाचा किल्ला आहेच. खंदकाने वेढलेल्या या भुईकोटात जुन्या तोफा आजही आहेत. एका रविवारी मुलांना टेप आणि वही देऊन न्यावे. तोफेवर चढायचे नाही, काही खरवडायचे नाही, फक्त मापे घ्यायची आणि बाजूने चित्र काढायचे. घरी येऊन तीही १:२४ मध्ये करायची. चारशे वर्षांपूर्वीची तोफ आणि १९६५ची तोफ एकाच प्रमाणात शेजारी ठेवली की धातू, दारू आणि धक्का यांचा सगळा इतिहास दोन वितींत मावतो.

प्रतिकृती पूर्ण झाली की तिच्यासमोर एक छोटी चिठ्ठी ठेवायची पद्धत आहे. मुलांना ती स्वतःच्या अक्षरात, मराठीत आणि उर्दूत, दोन्हींत लिहू द्यावी. वर अब्दुल हमीद यांचे नाव, खाली त्यांचे गाव आणि वडिलांचा व्यवसाय, मग लढाईचे ठिकाण आणि तारीख, आणि सर्वांत शेवटी गाडीचे नाव आणि प्रमाण. १० सप्टेंबरला ती जीप वर्गात नेऊन पाच मिनिटे बोलायला सांगावे. वर्गातल्या इतर मुलांनाही ती हातात घेऊन पाहू द्यावी. एखादा आरसा तुटला तर तुटू द्यावा, गोळ्यांची पाकिटे घरात आहेतच.